उचलेगिरी नको, गिरी चढा!

दोस्तांनो, गेल्या हिवाळ्यात एका शाळेने मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. स्पर्धेचा विषय मोठा झकास होता : ‘सिंहगडाची डिजिटल पुस्तिका’. म्हणजे गडावर जाणाऱ्याला मोबाईलवर उघडून बघता येईल अशी मार्गदर्शिका. सातवी ते नववीच्या मुलामुलींनी केलेल्या २१ पुस्तिका माझ्यासमोर होत्या. मी आपला चहाचा कप घेऊन खुशीत वाचायला बसलो.

पहिली पुस्तिका छान होती. दुसरीही छान होती. तिसरी उघडली आणि वाटलं, अरेच्चा, ही तर मघाशीच वाचली की! तोच मजकूर, तोच फोटो. चौथीत तर कमालच झाली. तानाजी मालुसरे मावळ्यांना घेऊन कडा चढून वर येतात, लढाईला तोंड फुटतं आणि ऐन रणधुमाळीत पुढचं वाक्य येतं, ‘पुढे वाचण्यासाठी येथे क्लिक करा.’

हसलात ना? मीही हसलो. पण मग जरा वाईट वाटलं. ही मुलं आळशी नव्हती. रंगीत पानं, नक्षीदार अक्षरं, सरकणारी चित्रं, सगळा थाटमाट होता. नव्हता तो फक्त सिंहगड! कारण बहुतेक जण गडावर गेलेच नव्हते. ते गेले होते शोधयंत्रावर. तिथून उचललं आणि इथे चिकटवलं, झाली पुस्तिका तयार.

इथे दम लागतो!

पण एक पुस्तिका वेगळी निघाली. आठवीतल्या एका मुलीची. तिने गडाचा नकाशा स्वतः पेन्सिलीने काढून, मोबाईलने त्याचा फोटो घेऊन पुस्तिकेत घातला होता. आतकरवाडीहून वर जाणाऱ्या पायवाटेच्या एका वळणावर तिने लिहिलं होतं, ‘इथे दम लागतो. दोन मिनिटं बसा.’ देवटाक्यापाशी लिहिलं होतं, ‘पाणी थंडगार. माझ्या हाताला मुंग्या आल्या.’ दही विकणाऱ्या मावशी सकाळी किती वाजता गड चढायला लागतात, हेही तिने त्यांना विचारून लिहिलं होतं. ही माहिती बाकीच्या २० पुस्तिकांत कुठेच नव्हती. पहिलं बक्षीस कुणाला मिळालं, ते सांगायला नकोच.

गोष्ट इथेच संपली असती, पण दोन महिन्यांनी तिचा फोन आला. आवाज रडवेला. सहली नेणाऱ्या कुणीतरी आपल्या पत्रकावर तिचा तो नकाशा छापला होता. ‘इथे दम लागतो’सकट! विचारलं नव्हतं, नावही घातलं नव्हतं. “काका, चार वेळा खोडून काढलाय हो मी तो नकाशा. आणि त्यांनी सरळ...”

मी म्हटलं, “आईबाबांना सोबत घे आणि त्यांना पत्र लिही. रागाने नको, स्पष्टपणे लिही. नकाशा तुझा आहे आणि कायदाही तुझ्या बाजूने आहे.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, “पण काका, माझ्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावरचा फोटो... तोसुद्धा मी न विचारताच घेतला होता.”

दोस्तांनो, त्या एका वाक्यासाठी मी तिला दुसरं बक्षीस दिलं असतं! आपली वस्तू कुणी नेली की आपल्याला लगेच कळतं. आपण दुसऱ्याची नेली, हे कळायला थोडा वेळ लागतो. तिला ते कळलं. पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी ही मालकीची भानगड काय आहे, ते समजून घेऊ.

मालकी कशाची, कशाची नाही?

आपल्या देशात १९५७ साली कॉपीराइट कायदा झाला. मराठीत आपण ‘स्वामित्वहक्क’ म्हणतो. तुम्ही एखादी गोष्ट लिहिलीत, चित्र काढलंत, फोटो घेतलात, की त्या क्षणापासून तो हक्क तुमचा होतो. त्यासाठी नोंदणी करायची सक्ती नाही, वर्तुळातला तो ‘सी’ काढायचीही गरज नाही. आणि हो, मोठं व्हायचीही गरज नाही! आठवीतल्या मुलीचा नकाशा तिचाच असतो.

आता एक महत्त्वाचा फरक. माहितीवर कुणाची मालकी नसते. ती माहिती ज्या शब्दांत किंवा ज्या चित्रात मांडली, त्या मांडणीवर मालकी असते. सिंहगडाची लढाई १६७० साली झाली, गडाचं जुनं नाव कोंढाणा, गड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच आहे, छत्रपती राजाराम महाराजांचं निधन १७०० साली इथेच झालं, ही सगळी तथ्यं. ती तुम्ही खुशाल वापरा. पण एखाद्या लेखकाने त्या लढाईचं जे वर्णन केलं, त्यातले परिच्छेदच्या परिच्छेद उचलायचे नाहीत. चार पुस्तकं वाचा, पुस्तक मिटा आणि मग आपल्या शब्दांत लिहा. पुस्तक समोर उघडं ठेवून ‘होता’चं ‘असे’ करणं म्हणजे आपले शब्द नव्हेत, बरं का!

हा हक्क कायमचा असतो का? नाही. आपल्या कायद्याप्रमाणे तो लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो. ही वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. पूर्वी ही मुदत ५० वर्षं होती. रवींद्रनाथ टागोरांचं निधन १९४१ साली झालं, म्हणजे त्यांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ साली संपणार होता. तो हक्क विश्वभारतीकडे होता. त्या सुमारास कायदा बदलून मुदत ६० वर्षांची झाली.

आता आपल्या ओळखीची उदाहरणं घेऊ. ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी लिहिणारे हरि नारायण आपटे १९१९ साली वारले. त्यांच्या लेखनावरचा हक्क केव्हाच संपला. साने गुरुजींचं निधन जून १९५० मधलं. ६० वर्षं २०१० च्या अखेरीला भरली. म्हणून १ जानेवारी २०११ पासून ‘श्यामची आई’ आपल्या सर्वांची झाली. पु. ल. देशपांडे जून २००० मध्ये गेले. करा बघू हिशेब! त्यांच्या लेखनावरचा हक्क २०६० सालच्या अखेरपर्यंत आहे. तोवर तुमच्यापैकी पुष्कळांचे केस पांढरे व्हायला लागले असतील!

इथे एक खाचखळगा आहे. जुनं पुस्तक मोकळं झालं, तरी त्याच्या नव्या आवृत्तीवरचं मुखपृष्ठ किंवा नवी प्रस्तावना मोकळी होत नाही. ती आजच्या चित्रकाराची आणि आजच्या लेखकाची असते. पोवाड्याचंही तसंच. पोवाडा शेकडो वर्षांपूर्वीचा असला, तरी परवा कुणी गाऊन ध्वनिमुद्रित केलेली फीत आपली नाही. मग काय करायचं? सोपं आहे. तुमच्या वर्गातल्या खड्या आवाजाच्या दोस्ताला म्हणायला लावा आणि तुम्हीच मुद्रित करा.

तीन गोड गैरसमज

पहिला : ‘इंटरनेटवर आहे, म्हणजे फुकट आहे.’ रस्त्याकडेला उभी असलेली सायकल दिसते सगळ्यांना. ती सगळ्यांची असते का?

दुसरा : ‘खाली नाव दिलं की झालं.’ शेजारच्या काकांच्या झाडाचे आंबे तोडून आणायचे आणि टोपलीवर चिठ्ठी लावायची, ‘आंबे शेजारच्या काकांचे’. काका काय म्हणतील? नाव देणं हा चांगुलपणा आहेच, पण नाव देणं म्हणजे परवानगी घेणं नव्हे. दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी.

तिसरा : ‘शाळेसाठी आहे, मग काहीही चालतं.’ यात थोडं खरं आहे. शिकताना-शिकवताना शिक्षकांनी किंवा विद्यार्थ्यांनी एखाद्या लेखाची, चित्राची नक्कल करावी, याला कायद्याने सवलत दिलेली आहे. पण वर्गात दाखवलेली वही वेगळी आणि जगभर कुणालाही उतरवून घेता येईल अशी पुस्तिका वेगळी. पुस्तिका वर्गाबाहेर निघाली, की ती सवलत सोबत येईलच असं धरून चालू नका. कायद्यातल्या बारीकसारीक गोष्टी वकील मंडळी बघतील. आपल्यापुरता नियम सोपा ठेवू : शंका आली की विचारायचं, उत्तर आलं नाही की वापरायचं नाही.

‘घ्या हो घ्या’ म्हणणारी माणसं

आता तुम्ही म्हणाल, “म्हणजे काहीच घ्यायचं नाही का?” छे, तसं मुळीच नाही. जगात मोठ्या मनाची माणसं पुष्कळ आहेत. आपलं काम इतरांनी वापरावं म्हणून ती आधीच परवानगी देऊन ठेवतात. त्यासाठी २००१ साली ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ नावाची संस्था स्थापन झाली आणि २००२ साली तिचे पहिले परवाने आले. फोटोजवळ वर्तुळात दोन ‘सी’ दिसले, की समजायचं, इथे परवाना लिहिलेला आहे.

मात्र तो वाचायचा! त्यात चार अटी येऊ शकतात. ‘बीवाय’ म्हणजे माझं नाव द्या. ‘एसए’ म्हणजे माझं काम घेऊन काही नवं केलंत, तर तेही याच अटीवर इतरांना द्या. ‘एनसी’ म्हणजे धंद्यासाठी वापरू नका. ‘एनडी’ म्हणजे बदल करून वाटू नका. एनडी लिहिलेला फोटो कापून, रंगवून पुस्तिकेत घातलात, तर अट मोडली.

‘विकिमीडिया कॉमन्स’वर किल्ल्यांचे कितीतरी फोटो असतात आणि प्रत्येकाच्या पानावर फोटो कुणाचा, परवाना कोणता, हे लिहिलेलं असतं. नकाशासाठी ‘ओपनस्ट्रीटमॅप’ आहे. २००४ साली सुरू झालेला हा नकाशा जगभरच्या हौशी लोकांनी मिळून काढलाय. त्यांचं नाव दिलंत की तो वापरता येतो. पण मी तरी म्हणेन, गडाचा नकाशा हातानेच काढा. ‘इथे दम लागतो’ हे कुठल्या उपग्रहाला कळणार?

हल्ली यंत्राला दोन ओळी सांगितल्या की ते चित्र काढून देतं. गोष्टीच्या पुस्तकात ती गंमत ठीक आहे. पण मार्गदर्शिकेत? यंत्राने काढलेला कल्याण दरवाजा दिसायला भारदस्त असेल, पण तो सिंहगडावर कुठेच सापडणार नाही. वाट दाखवणाऱ्या पुस्तकाने खोटी वाट दाखवायची नसते.

चला, पुस्तिका करू या

सिंहगड लांब असेल तर हट्ट नको. तुमच्या गावची वेस, जुनी बारव, नदीचा घाट, आठवडी बाजार, अगदी शाळेच्या आवारातली झाडंसुद्धा चालतील. पुस्तिका कशाचीही असो, पहिली पायरी एकच : प्रत्यक्ष जायचं.

जाताना वही, पेन्सिल, पाण्याची बाटली आणि मोबाईल सोबत घ्या. फोटो स्वतः काढा. तुमचा फोटो थोडा तिरका आला तरी तो तुमचा, कुणाला विचारायला नको. सार्वजनिक जागी कायमचा बसवलेला पुतळा किंवा इमारत यांचा फोटो काढून छापायला आपल्या कायद्याची हरकत नसते. माणसांचा फोटो मात्र त्यांना विचारूनच. दहीवाल्या मावशींची मुलाखत घेतलीत, तर ती कुठे येणार आहे हे आधी सांगा आणि तयार झालेली पुस्तिका त्यांना नेऊन दाखवा.

घरी आल्यावर आखणी. इतिहासाच्या पुस्तकासारखी शतकांच्या क्रमाने माहिती भरू नका. चालणाऱ्याच्या पायांच्या क्रमाने भरा. वर आल्यावर आधी काय लागतं? पुणे दरवाजा. मग तिथलं आधी सांगा. मग देवटाके, टिळकांचा बंगला, राजाराम महाराजांची समाधी, तानाजींची समाधी, कल्याण दरवाजा. तुम्ही ज्या क्रमाने फिरलात, त्याच क्रमाने. एका पानावर एकच ठिकाण, एक चित्र आणि सात-आठ ओळी. लोक गडावर उभे असतात, आरामखुर्चीत नसतात!

पान फोनसारखं उभं ठेवा. अक्षर एवढं मोठं हवं, की आजीने चष्मा न शोधता वाचावं. आपल्या देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत ऐसपैस जागा सोडा, नाहीतर वरचा उकार आणि खालची मात्रा यांची टक्कर होते. टंक, म्हणजे फॉन्ट, दोनच पुरे : एक मथळ्याला, एक मजकुराला. टंक म्हणजेही कुणाची तरी मेहनत असते, तेव्हा त्याचाही परवाना बघा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे देवनागरी टंक सर्वांना वापरायला खुले आहेत. मजकूर युनिकोडमध्येच लिहा, म्हणजे दुसऱ्याच्या फोनवर अक्षरांऐवजी चौकोन नाचणार नाहीत.

रंगांचा मोह आवरा. फिक्या पिवळ्यावर पांढरी अक्षरं घरात देखणी दिसतील, पण गडावरच्या उन्हात कोरं पान दिसेल. पांढऱ्यावर काळं, हे सगळ्यांत सुखाचं. चित्राखाली एक ओळ अशी लिहा, की डोळ्यांनी न दिसणाऱ्या दोस्ताला ती ऐकूनही चित्र कळावं. ‘सुंदर दरवाजा’ असं नको. ‘दगडी कमान, आत डावीकडे पहारेकऱ्यांच्या देवड्या’ असं हवं. अर्थात, आधी देवड्या डावीकडे आहेत की उजवीकडे, ते बघून या!

फोटो लहान करून घ्या. फाइल जड झाली तर ती कुणी उतरवून घेणार नाही आणि गडावर नेटवर्क मिळेलच याचा भरवसा नाही. शेवटी पीडीएफ करून अशा माणसाला द्या, जो त्या जागी कधीच गेलेला नाही. तो जिथे अडखळेल, तिथे तुमची पुस्तिका कच्ची आहे.

सगळ्यांत मानाचं पान

आता शेवटचं पान. मुलं हे पान गाळतात. मी परीक्षक असलो की आधी तेच उघडतो! त्याचं नाव ‘ऋणनिर्देश’. त्यात कोणता मजकूर कुणाचा, कोणतं चित्र कुणाचं, कोणत्या परवान्याने घेतलं, कुणी परवानगी दिली, कोणती पुस्तकं वाचली, सगळं लिहायचं. ही यादी शेवटी आठवून करू नका, वस्तू घेतली की त्याच दिवशी वहीत टिपा. नाहीतर शेवटच्या रात्री ‘फोटो : इंटरनेटवरून’ असं लिहायची वेळ येते. इंटरनेट काय कॅमेरा घेऊन गड चढलं होतं?

आणि खाली एक ओळ तुमच्या स्वतःच्या कामाबद्दल. इतरांनी ते कसं वापरावं, हे तुम्ही ठरवायचं. सगळे हक्क राखून ठेवा किंवा ‘नाव द्या आणि खुशाल वापरा’ असं लिहा. दोन्हींत कमीपणा नाही.

आईबाबांसाठी दोन शब्द

पुस्तिका सगळ्यांसाठी खुली करण्याआधी तुम्ही एकदा वाचा. मुलाचा पत्ता, फोन नंबर त्यात नको. फोटोच्या फाइलमध्ये कधीकधी तो कुठे काढला याची नोंद दडलेली असते. घरी काढलेले फोटो असतील तर ती काढून टाका. आणि एक विनंती : ‘कशाला एवढं, कोण बघतंय, घाल तोच फोटो’ असं कृपा करून म्हणू नका. मुलं आपलं बोलणं विसरतात, वागणं विसरत नाहीत.

आणि ती मुलगी?

तिने दोन पत्रं लिहिली. एक नकाशा छापणाऱ्यांना. त्यांनी माफी मागितली आणि पुढच्या पत्रकावर तिचं नाव छापलं. दुसरं पत्र तिने मुखपृष्ठावरच्या फोटोच्या मालकाला लिहिलं. ‘मी तुमचा फोटो न विचारता वापरला. चुकलं. तुम्ही नाही म्हणालात तर काढून टाकीन.’ आठ दिवस उत्तर नाही. तिने फोटो काढून टाकला आणि त्याजागी स्वतःचं चित्र घातलं. नवव्या दिवशी उत्तर आलं. ‘खुशाल वापर, फक्त नाव दे. आणि बाळ, तू खाली कल्याण दरवाजा लिहिलं आहेस. तो पुणे दरवाजा आहे.’

बघितलंत? २१ पुस्तिकांपैकी निम्म्यांत तोच फोटो होता आणि त्याखाली तीच चूक होती. मीही बक्षीस देताना ती पकडली नव्हती! ज्याने फोटो काढला, तोच ती चूक सांगू शकला. कारण तो तिथे उभा राहिला होता. आणि ज्या मुलीने विचारलं, तिलाच ते कळलं.

आता तिच्या मुखपृष्ठावर तिचंच चित्र आहे, आतल्या पानावर तो फोटो आहे आणि ऋणनिर्देशात त्या काकांचं नाव सगळ्यांत वर आहे.

मग कधी निघताय? वही घेतलीत ना?

निघण्यापूर्वी एवढं बघा

१. जागा स्वतः पाहिली का?
२. मजकूर पुस्तक मिटून लिहिला का?
३. प्रत्येक चित्राचा मालक आणि परवाना वहीत टिपला का?
४. ज्यांचे फोटो किंवा मुलाखती घेतल्या, त्यांना विचारलं का?
५. उन्हात उभं राहून पुस्तिका वाचून पाहिली का?
६. ऋणनिर्देशाचं पान आहे का?
७. त्यात तुमचं स्वतःचं नाव लिहायला विसरला नाहीत ना?